मोतीचं पोट भरलेलं असतं

सिमरोल, तिल्लोर, हातोद, सांवेर अशा इंदूरभोवतीच्या गावांत सकाळी गोठ्यात दोन-तीन शेळ्या मेलेल्या सापडल्या, की पहिलं नाव निघतं ते बिबट्याचं. ते अगदीच हवेतलं नसतं. शहराला खेटून रालामंडल अभयारण्य आहे, खाली चोरल-मानपूरकडे जंगल आहे, आणि बिबटे दोन्हीकडे आहेत. शिवाय वन्यप्राण्याने जनावर मारलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, कुत्र्याने मारलं तर मिळत नाही. त्यामुळे संशयाचं पारडं बिबट्याकडे जरा जास्तच झुकतं.

मेलेलं जनावर मात्र बऱ्यापैकी खरं सांगतं. बिबट्या गळा धरतो, जनावर आडोशाला ओढून नेतो आणि खातो. कोंडलेल्या गोठ्यात तोही कधी कधी एकापेक्षा जास्त मारतो, पण चावा बहुधा गळ्यावरच असतो. कुत्र्यांचं काम विस्कळीत. मांड्या, शेपटीची बाजू, कान, पाय, जिथे तोंड पोचेल तिथे चावे. एक मेलेली, चार जखमी, आणि खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही.

मग प्रश्न येतो, कुत्रा कोणाचा? गावाचं उत्तर तयार असतं: भटका. शेजारच्या शेतावरच्या मोतीचं नाव कोणी काढलं तर मालक मनापासून दुखावतो. मोती दोन वेळा दूध-पोळी खातो, मुलांच्या अंगावर लोळतो, त्याला शेळी मारायची गरजच काय? ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या मेंढपाळांना हे संभाषण तोंडपाठ आहे. तिकडे मेंढ्यांवर तुटून पडणारी कुत्री पुष्कळदा आसपासच्या घरांतलीच निघतात, एकेकटी किंवा जोडीने, रात्री सुटलेली आणि उजाडायच्या आत घरी परतलेली. ब्रिटनने तर १९५३ सालीच कायदा करून मेंढ्यांमागे लागणाऱ्या कुत्र्याची जबाबदारी मालकावर टाकली. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांची संख्या प्रचंड आहे, २०१९ च्या पशुगणनेत ती दीड कोटींच्या वर भरली, म्हणून मोती या हिशेबातून सुटून जातो. आणि मोती काही फक्त शेतकऱ्याचाच नसतो. इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात राहायचं, सिमरोल रोडला ‘फार्म’ घ्यायचं, तिथे राखणीला जर्मन शेफर्ड ठेवायचा आणि रात्री चौकीदाराने तो मोकळा सोडायचा, हे आपल्यातल्या कितीतरी घरांत चालतं. शेळ्यावाल्याच्या दृष्टीने ‘शेजारी’ म्हणजे आपणच.

मालक खोटं बोलत नसतो. मोती खरोखरच प्रेमळ असतो आणि त्याचं पोट खरोखरच भरलेलं असतं. फक्त शिकारीचा आणि भुकेचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही.

अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी कुत्र्यांच्या जातींचा अभ्यास करताना शिकारीकडे एक अखंड कृती म्हणून न पाहता टप्प्यांची साखळी म्हणून पाहिलं. लक्ष वेधलं जाणं, नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, पकडीचा चावा, मारण्याचा चावा, फाडणं, खाणं. लांडग्यात ही साखळी सलग असते. माणसाने हजारो वर्षं निवड करून कुत्र्यात ती जागोजागी तोडली. बॉर्डर कोलीत नजर रोखणं, दबकणं आणि पाठलाग हे टप्पे वाढवले आणि चावा दाबला. म्हणून तो मेंढ्या वळवतो, मारत नाही. कळपाची राखण करणाऱ्या जातींत जवळजवळ सगळी साखळीच निजवून ठेवली. आपला गावठी कुत्रा किंवा शेफर्डचा मिश्र पिल्लू यांच्यात यातला कोणता टप्पा किती जागृत आहे हे बाहेरून दिसत नाही. ते दिसतं, समोरून शेळी पळाली की.

गंमत अशी की यातला प्रत्येक टप्पा कुत्र्याला स्वतःपुरता आनंद देतो. घास मिळो न मिळो, पळणाऱ्याच्या मागे पळणं हेच बक्षीस असतं, आणि ज्याचं बक्षीस मिळतं ते पुन्हा केलं जातं. म्हणून एकदा शेळ्यांमागे लागलेला कुत्रा परत येतो. त्याला आणखी दोन पोळ्या घातल्याने यात काडीचा फरक पडत नाही. नसबंदीने नराचं भटकणं कमी होतं, त्यामुळे ती करावीच. पण पाठलागाची ओढ त्याने जात नाही.

भरल्या पोटी मारण्याचं कोडं प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक हान्स क्रूक यांनी १९७२ मध्ये नीट मांडलं. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत एका काळोख्या रात्री तरसांनी थॉमसन गझेल जातीची ८२ हरणं मारली होती आणि २७ जबर जखमी केली होती. त्यातली मोजकीच खाल्ली गेली, तीही अर्धवट. हरणं त्या अंधारात पळालीच नव्हती. क्रूक यांचा निष्कर्ष असा की पोट भरलं की शिकारी प्राणी भक्ष्य *शोधणं* थांबवतो, पण भक्ष्य समोर, हाताशी असेल तर पकडणं आणि मारणं थांबत नाही. जंगलात ही अडचण क्वचितच येते, कारण एक मरेपर्यंत बाकीचे पळून गेलेले असतात. गोठ्यात मात्र पळून जायला जागा नसते, आणि तो गोठा आपणच बांधलेला असतो.

दुसरी बाजू शेळ्या-मेंढ्यांची. धोका दिसला की मेंढी कळपाच्या मधोमध घुसायला बघते, म्हणजे कडेला दुसरं कोणी राहील. जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७१ मध्ये हे ‘स्वार्थी कळपाचं’ गणित कागदावर मांडलं, आणि २०१२ मध्ये अँड्र्यू किंग आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या व कुत्र्याच्या पाठीवर जीपीएस बांधून ते शेतात दाखवून दिलं. उघड्या माळावर ही युक्ती चालते. चार भिंतींच्या वाड्यात सगळा कळप एका कोपऱ्यात दाटतो आणि खालच्या करडा-कोकरांचा श्वास कोंडतो. अंगावर दात न लागता मेलेली जनावरं सापडतात ती अशी. काही जनावरं पळण्याच्या आणि भीतीच्या ताणाने स्नायू निकामी होऊन एक-दोन दिवसांनी मरतात, आणि गाभण शेळ्या नंतर गाभडतात तेव्हा त्या रात्रीशी त्याचा संबंध जोडायचं कोणाला सुचत नाही. सगळ्यात वाईट स्थिती खुंट्याला बांधलेल्या शेळीची. तिला पळता येत नाही, कळपात शिरता येत नाही, आणि दाव्यात धडपडताना ती कुत्र्याला हवं तेच करते: हलते.

एवढं कळलं की उपाय कुठे शोधायचा तेही कळतं. साखळी सुरूच होऊ द्यायची नाही. रात्रीचा गोठा कमरेच्या वरपर्यंत विटांचा किंवा पत्र्याचा, म्हणजे आतली हालचाल बाहेरून दिसणार नाही. वर जाळी, हवा खेळती, आणि दाराखाली फट नाही. आत जनावरं शक्यतो मोकळी. बाभळी-बोरीची बागड गुरं अडवायला बनलेली आहे, कुत्रा तिच्या बुडातून आरामात जातो.

जाळीचं कुंपण घालायचं तर माळव्याच्या काळ्या मातीशी गाठ आहे. या मातीतली चिकणमाती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खांब कलतात, आणि मे महिन्यात जाळीखाली हातभर पोकळी दिसते जी दिवाळीत नव्हती. कुत्र्याला तेवढी पुरते. नसली तर तो उकरतो. उकरताना तो एक ठरलेली गोष्ट करतो. जाळीला नाक लावून, अगदी तिच्या पायथ्याशीच उकरतो. दोन फूट मागे जाऊन बोगदा काढावा हे त्याच्या डोक्यात येत नाही. म्हणून जाळी नुसती खोल पुरण्यापेक्षा तिचा दोनेक फुटांचा पदर बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून दगडांनी दाबणं जास्त उपयोगी पडतं. माती खालीवर झाली तरी पदर तिच्याबरोबर बसतो.

सौरऊर्जेवरच्या झटका मशीनचं विज्ञान याच मातीत अडखळतं. हे यंत्र कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाला एक विजेचा ठोका देतं. काही हजार व्होल्टचा, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाचा. त्यामुळे झोंबतं, जीव जात नाही. वीज तारेतून कुत्र्याच्या अंगात, पायांतून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राच्या अर्थिंग सळईकडे परत गेली तरच मंडल पूर्ण होतं. मे महिन्यात कोरडी, भेगाळलेली काळी जमीन हा परतीचा रस्ताच तोडते आणि कुंपण नुसतं शोभेचं राहतं. सळया हौदाजवळ किंवा ओलाव्याच्या जागी खोल ठोकाव्यात, आणि कुंपणावर एक तार झटक्याची, एक तार अर्थिंगची अशी आळीपाळीने ओढावी; मग जमीन कोरडी असली तरी दोन्ही तारांना एकदम लागलेल्या कुत्र्याला धक्का बसतो. सगळ्यात खालची झटक्याची तार त्याच्या नाकाच्या उंचीवर हवी. केस वीज अडवतात, ओलं नाक नाही. घरातली २३० व्होल्टची लाइन तारेला जोडण्याचा विचारही करू नये. त्याने माणसं मरतात, आणि तो गुन्हा आहे.

दिवे, भोंगे, फडफडणाऱ्या पताका काही दिवस चालतात. मग कुत्र्याला त्यांची सवय होते.

राखणीचा कुत्रा हा यातला सर्वात जुना उपाय. मेंढरांमागे वाढलेल्या मल्हाररावांच्या शहरात तो समजावून सांगायची गरज नसावी, तरी एक गोष्ट सांगतो: तो जातीने जेवढा बनतो तेवढाच बालपणाने बनतो. पिल्लाच्या वयाचे साधारण तीन ते बारा आठवडे ही ओळखी पक्क्या होण्याची खिडकी असते. या काळात ते मेंढ्यांमध्ये राहिलं तर मेंढ्या त्याची माणसं होतात. धनगर आणि हिमाचलचे गद्दी मेंढपाळ हे पिढ्यान् पिढ्या करत आले. वर्षाचा झालेला कुत्रा विकत आणून कळपात सोडणं म्हणजे राखणदार नव्हे, आणखी एक मोती आणणं.

कुत्री मुळात आपल्या शेतावर येतात कशाला, हाही प्रश्न विचारावा. व्यालेल्या गाईची पडलेली वार, मेलेलं वासरू, कोंबड्यांची आतडी हे सगळं आमंत्रण असतं. पूर्वी मेलेलं ढोर गिधाडं साफ करत. जनावरांच्या डायक्लोफेनॅक औषधाने गिधाडं मेली. २००६ मध्ये त्यावर बंदी आली तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपली होती. २००८ च्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार गिधाडांच्या ऱ्हासाच्या काळात देशातली कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली. वार खोल पुरण्याचं आणखी एक कारण आहे. निओस्पोरा नावाचा परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर येतो आणि गाईंचे गर्भपात घडवतो, आणि कुत्र्याला तो होतो ते अशीच वार किंवा कच्चं मांस खाऊन. नॉर्वेतल्या कुत्र्यांत तो १९८४ मध्ये दिसला, १९८८ मध्ये त्याला नाव मिळालं, आणि कुत्रा हाच त्याचा मुख्य यजमान असल्याचं १९९८ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे एकही शेळी न मारणारा मोतीसुद्धा चाऱ्याच्या गंजीवर नकोच.

चावलेल्या जनावराचं बघताना जखम लहान दिसते याला फसू नये. सुळ्यांचं भोक केसांखाली लपतं आणि आतला स्नायू चिरडलेला असतो. केस कापून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी. हळद-तिखट भरू नये. मग १९६२ वर फोन करून फिरतं पशुचिकित्सा पथक बोलवावं किंवा महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा रस्ता धरावा. रेबीजची लस चावल्यानंतरही चालते, साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. पुढे जनावर लाळ गाळू लागलं, गिळेना, आवाज बदलला, तर घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालणं ही खेड्यातली नेहमीची आणि जीवघेणी चूक.

राहता राहिला शेजारी. रागाच्या भरात विष घालणारे असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ते विष मोतीवर थांबत नाही. मेलेला मोती खाणारा प्राणीही मरू शकतो. भांडणाऐवजी पुरावा ठेवावा. जखमांचे फोटो उजाडताच काढावेत, जनावर पुरण्याआधी सरकारी पशुवैद्याकडून तपासणीचा कागद घ्यावा, गोठ्यावर रात्री दिसणारा साधा कॅमेरा लावावा. आणि मागणी छोटी ठेवावी. मोतीला हाकलून द्या, असं नव्हे. दिवेलागणीपासून सकाळची धार होईपर्यंत तो साखळीला किंवा बंद आवारात राहील, एवढंच. जोडीदार कुत्रा असेल तर दोघेही, कारण एकटा असताना बांधावर नुसता उभा राहणारा कुत्रा दुसऱ्याच्या संगतीत धावत सुटतो.