स्वतंत्र व्हिडिओ गेम : आकर्षण आणि दृश्यता

मोठ्या प्रकाशकाच्या पैशावाचून आणि हुकमावाचून, एकट्याने किंवा मोजक्या माणसांनी बनवलेल्या व्हिडिओ गेमला स्वतंत्र किंवा ‘इंडी’ गेम म्हणतात. व्याख्या सैलच आहे. २०२३ मध्ये ‘डेव्ह द डायव्हर’ला ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट स्वतंत्र गेमचे नामांकन मिळाले, तेव्हा तो नेक्सॉन या बड्या कंपनीच्याच एका शाखेचा असल्याचे सांगत अनेकांनी आक्षेप घेतला.

या खेळांची ओढ लागते ती प्रामुख्याने त्यांच्या विषयांमुळे. लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (२०१३) खेळाडू सीमेवरचा तपासनीस असतो. रांगेतल्या माणसांचे कागद तपासायचे, शिक्का मारायचा आणि चुकांचा दंड वजा जाता उरलेल्या पगारात घर चालवायचे. कोट्यवधींची गुंतवणूक वसूल करायची असलेली कंपनी अशा कल्पनेला सहसा हात लावणार नाही. एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’चे (२०१६) प्रोग्रॅमिंग, चित्रे, संगीत आणि संवाद असे सगळे एकट्याने, चार वर्षांहून अधिक काळ खपून केले. अशा खेळात एकाच माणसाची आवडनिवड कोपऱ्याकोपऱ्यात दिसते, आणि चाहत्यांना तीच हवी असते.

पण खेळ चांगला असणे वेगळे आणि तो लोकांच्या नजरेस पडणे वेगळे. पूर्वी अडचण दारातच होती : दुकानाने खेळ विक्रीला घेतला तरच तो पोचायचा. स्टीम या ऑनलाइन विक्रीमंचाने २०१२ मध्ये ‘ग्रीनलाइट’द्वारे निवडीत खेळाडूंच्या मतांना स्थान दिले, २०१७ मध्ये ते बंद करून प्रत्येक खेळामागे निर्मात्याने भरायचे १०० डॉलर शुल्क ठेवले. दार सताड उघडले आणि गर्दी झाली. २०२४ मध्ये तिथे १८ हजारांहून अधिक खेळ आले, म्हणजे दिवसाला पन्नासच्या आसपास.

या गर्दीत काय होते, ते ‘अमंग अस’वरून कळते. गटात लपलेला घातकी बाकीच्यांनी ओळखायचा, असा हा खेळ इनरस्लॉथ या छोट्या कंपनीच्या तिघांनी केला; तो जून २०१८ मध्ये आला आणि जवळपास दुर्लक्षित राहिला. २०२० च्या मध्यावर, टाळेबंदीच्या दिवसांत, ट्विच या संकेतस्थळावर आपला खेळ थेट दाखवणारे लोकप्रिय स्ट्रीमर तो खेळू लागले आणि काही आठवड्यांत जगभर त्याचे खेळाडू झाले. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीने दुसरा भाग जाहीर केला होता. सप्टेंबरमध्ये तो रद्द करून सारे बळ मूळ खेळावरच लावले. खेळाचा गाभा दोन वर्षांपूर्वीचाच होता. एकमेकांवर संशय घेणारी, खोटे बोलताना अडखळणारी माणसे बघायलाही मजा येते, हे मात्र स्ट्रीमवरच उमगले. प्रेक्षकाला दोन मिनिटांत कळेल असा खेळ या वाटेने लवकर पसरतो; सावकाश उलगडणाऱ्या कथाप्रधान खेळाला ती तितकीशी मानवत नाही.

म्हणूनच निर्माते प्रकाशनाच्या कितीतरी आधी स्टीमवर पान उघडतात, तिथल्या महोत्सवात मोफत डेमो (खेळाचा नमुना) ठेवतात आणि विशलिस्ट, म्हणजे खेळ हवा म्हणून खूण करून ठेवणाऱ्यांची संख्या, वाढवतात. खेळ विक्रीला आला की किंवा त्याची किंमत उतरली की विशलिस्टवाल्यांना ईमेल जातो. जाहिरातीला पैसे नसलेल्यांना हाच मोठा आधार.

तारखेची निवडही जिवावरची असते. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ ला येणार, असे तो बनवणाऱ्या टीम चेरीने दोनच आठवडे आधी जाहीर केले. हा खेळही इंडीच, पण लोक वर्षानुवर्षे त्याची वाट पाहत होते; त्यामुळे अनेक छोट्या निर्मात्यांनी त्याच्या सावलीतून निसटण्यासाठी आपल्या तारखा पुढे ढकलल्या.