संबंध आणि फलन (बीजगणित)

फलन म्हणजे दोन संचांमधला असा संबंध, ज्यात पहिल्या संचातल्या प्रत्येक घटकाची दुसऱ्या संचातल्या एका आणि एकाच घटकाशी जोडी लागते. नुसत्या संबंधाला ही शिस्त नसते. अ आणि ब या संचांपासून जेवढ्या क्रमित जोड्या (पहिला घटक अ मधला, दुसरा ब मधला) बनतात, त्यांतल्या हव्या तेवढ्या उचलाव्यात, संबंध तयार. एकही उचलली नाही तरी रिक्त संबंध असतोच. फलनातला पहिला संच हा त्याचा प्रांत, दुसरा सहप्रांत, आणि सहप्रांतातले जे घटक खरोखर कुणाच्या तरी वाट्याला आले त्यांचा संच म्हणजे व्याप्ती.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वर्गांत मात्र डोमेन आणि रेंज हेच शब्द ऐकू येतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी विज्ञान शाखेतून पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, गेला की गणित इंग्रजीत सुरू होते, आणि हे प्रकरण नेमके पहिल्या वर्षाच्या आरंभी, संचांच्या पाठोपाठ येते. खरे तर प्रांत हा शब्द सीमाभागात परका वाटू नये. प्रांताधिकाऱ्याचा हुकूम त्याच्या हद्दीपुरता चालतो. फलनाचेही तसेच आहे.

गाड्यांचे नंबर हे इथले सोयीचे उदाहरण. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, बैलहोंगल आणि गोकाक या सहा तालुक्यांचा संच प्रांत मानावा आणि प्रत्येक तालुक्याला त्याच्या परिवहन कार्यालयाचा क्रमांक जोडावा. बेळगाव आणि खानापूरला केए-२२, निपाणी आणि चिकोडीला केए-२३, बैलहोंगलला केए-२४, गोकाकला केए-४९. प्रत्येक तालुक्याला एकच क्रमांक आला, म्हणून हे फलन. दोन तालुक्यांना एकच क्रमांक मिळाला यात काही बिघडत नाही. नवशिक्यांची निम्मी गफलत इथेच होते. तालुक्याकडून क्रमांकाकडे बाण काढले आणि ते उलटे फिरवले तर मात्र २२ पासून बेळगावलाही बाण जातो आणि खानापूरलाही, म्हणून तो उलटा संबंध फलन नव्हे. कर्नाटकातले सगळे क्रमांक सहप्रांत धरले तर म्हैसूरचा केए-०९ सहप्रांतात बसतो, व्याप्तीत नाही. व्याप्ती चारच क्रमांकांची. बेळगाव शहरातल्या रस्त्यावर कोल्हापूरच्या एमएच-०९ गाड्याही दिसतात, पण ‘तालुका आणि तिथे दिसणारे नंबर’ हा निव्वळ संबंध झाला.

ही एकाच उत्तराची अट किती कडक आहे ते मोजून कळते. सहा तालुके आणि चार क्रमांक यांच्या २४ जोड्या होतात, प्रत्येक जोडी उचलावी किंवा सोडावी, तेव्हा संबंध २ चा २४ वा घात, म्हणजे १,६७,७७,२१६. त्यांतली फलने, प्रत्येक तालुक्याला चारांतला एकच क्रमांक म्हणून, ४ चा ६ वा घात, म्हणजे फक्त ४,०९६.

फलन आणि संबंध यांतला फरक सीमाप्रश्नाइतका स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण सापडणे अवघड. ‘गाव आणि त्यावर हक्क सांगणारे राज्य’ हा संबंध घेतला तर निपाणीच्या पुढे महाराष्ट्रही येतो आणि कर्नाटकही. ‘गाव आणि तिथला कारभार पाहणारे राज्य’ घेतले तर उत्तर एकच. पण तेही कोणत्या दिवसाचे, हे विचारावे लागते. ३१ ऑक्टोबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यात होते, दुसऱ्या दिवशी म्हैसूर राज्यात. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यातच राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणून इथे प्रांतात नुसती गावे ठेवून भागत नाही. गाव आणि तारीख यांच्या जोड्या ठेवाव्या लागतात. असे फलन दोन चलांचे, म्हणजे दोन बदलत्या गोष्टींवर अवलंबून असलेले, म्हणवते.

वरच्या उदाहरणांत सूत्र कुठेच नाही, आणि त्याची गरजही नाही. फ(क्ष), म्हणजे इंग्रजीतली f(x), ही लेखनपद्धती गणिती ऑयलर यांनी १७३४ मध्ये वापरली. त्या काळी फलन म्हणजे सूत्र अशीच समजूत होती. प्रत्येक क्षला एक निश्चित य मिळाला की पुरे, नियम सूत्रात मांडता येवो न येवो, ही दृष्टी गणिती डिरिक्ले यांच्या १८३७ च्या लेखनातून रुजली. एसटीचे भाडे आकारतानाचे टप्पे पाहा. महाराष्ट्राच्या एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. १३ किलोमीटरलाही तीन टप्पे, १८ लाही तीनच. आलेख जिन्यासारखा निघतो. प्रांतात अपूर्णांक चालतात, व्याप्तीत फक्त १, २, ३ असे पूर्ण टप्पे.

सूत्र दिलेले असेल आणि प्रांत सांगितलेला नसेल, तर वास्तव संख्यांमध्ये सूत्राला अर्थ राहील तेवढा सगळा प्रांत घ्यायचा. छेद शून्य नको, वर्गमुळाखाली ऋण संख्या नको. √(क्ष − ३) चा प्रांत ३ आणि त्याहून मोठ्या संख्या, व्याप्ती ० आणि त्याहून मोठ्या. व्यवहार मात्र सूत्राच्या वर असतो. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. तिचे सूत्र ऋण संख्येलाही चालेल, पण उणे पाचशे विड्या कुणी वळत नाही.

व्याप्ती काढणे प्रांतापेक्षा किचकट. क्ष² − ४क्ष + ७ हे (क्ष − २)² + ३ असे मांडले की व्याप्ती ३ पासून वर आहे हे दिसते. सगळ्यांत फसवे उदाहरण (क्ष² − ९)/(क्ष − ३). काटछाट करून क्ष + ३ उरते आणि विद्यार्थी प्रांत, व्याप्ती दोन्हींकडे ‘सर्व वास्तव संख्या’ लिहून मोकळा होतो. मूळ सूत्रात ३ घातला तर छेद शून्य होतो, म्हणून प्रांतातून ३ गेला. आणि त्याच्याबरोबर व्याप्तीतून ६ ही गेला, कारण क्ष + ३ ची किंमत ६ येते ती फक्त क्ष ३ असताना. आलेख सरळ रेषाच असतो, फक्त (३, ६) या बिंदूपाशी एक भोक. मोबाइलवर आलेख काढला तर ते बहुधा दिसतही नाही.