लेक, टँक, पाँड

साचलेल्या किंवा साठवलेल्या गोड्या पाण्यासाठी इंग्रजीत वापरले जाणारे तीन जवळचे शब्द. मराठीतला ‘तलाव’ या तिन्हींना पुरतो. मराठीतून इंग्रजीत जाताना मात्र तिघांतला एक उचलावा लागतो. शेजारशेजारच्या तीन शहरांनी तीन वेगळे शब्द उचलले आहेत. ठाण्याचे मासुंदा, कचराळी, उपवन हे ‘लेक’ झाले. मुंबईत गोवालिया, सी. पी. आणि बाणगंगा ‘टँक’ राहिले. नवी मुंबईत सिडकोने बांधले ते ‘होल्डिंग पाँड’.

अर्थभेद : लेक हा शब्द मुळात लॅटिन ‘लाकुस’, तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पाणी निसर्गतः साचलेले आणि विस्ताराने मोठे, अशी कल्पना त्यात गृहीत असते. पाँड हे ‘पाउंड’ म्हणजे कोंडवाडा या शब्दाचेच दुसरे रूप आहे. गुरे कोंडायची तो पाउंड, पाणी कोंडायचे तो पाँड; माणसाने अडवलेले लहानसे पाणी हा त्याचा अर्थ त्यातून आला.

हा भेद प्रत्यक्ष वापरात फार ताणता येत नाही. इंग्लंडच्या ‘लेक डिस्ट्रिक्ट’ या प्रदेशात बॅसनथ्वेट सोडल्यास मोठ्या जलाशयांपैकी एकाच्याही मूळ नावात ‘लेक’ नाही; ते सारे ‘मिअर’ किंवा ‘वॉटर’, डोंगरावरची लहान तळी ‘टार्न’. उलट अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला वॉल्डन सुमारे २५ हेक्टरांचा असूनही ‘पाँड’च म्हणवतो. सरोवरविज्ञानातही दोहोंमधली सर्वमान्य सीमारेषा नाही. कोणी खोली पाहतात, कोणी सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो का आणि मुळे धरणाऱ्या पाणवनस्पती सगळीकडे वाढू शकतात का, हे पाहतात. पाणथळ जागांविषयीच्या रामसर कराराच्या (१९७१) वर्गीकरणात ८ हेक्टरांची सोयीची मर्यादा घेतली आहे. तिच्या खाली पाँड, वर लेक किंवा साठवण जलाशय. या मापाने कचराळी हा नावाने लेक असला तरी पाँडच ठरेल. त्याच वर्गीकरणात मानवनिर्मित पाँडांच्या गटात ‘लहान टँक’ असाही उल्लेख आहे, म्हणजे दक्षिण आशियातला हा तिसरा शब्द तिथेही विसरलेला नाही.

टँकची व्युत्पत्ती : हा वाद जुना आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या अँग्लो-इंडियन शब्दकोशात टँकला दुहेरी उगमाच्या, गोंधळात पाडणाऱ्या शब्दांत बसवले आहे. एका मताप्रमाणे तो आपल्याकडचा : गुजराती ‘टांकुं’, मराठी ‘टाके’, राजस्थानातला ‘टांका’, म्हणजे जमिनीत किंवा खडकात खोदलेला पाणीसाठा. दुसऱ्या मताप्रमाणे तो पोर्तुगीज ‘तांक’. त्याचा संबंध अडवणे, थोपवणे या अर्थाच्या ‘एस्तांकार’ या क्रियापदाशी जोडतात आणि स्पॅनिश ‘एस्तांके’, फ्रेंच ‘एतां’ हे त्याचे युरोपातले भाऊबंद दाखवतात. भाऊबंद इतके असताना पोर्तुगीज शब्द हिंदुस्थानातून उचललेला असेल, हे पटणे कठीण आहे. पण टाके पोर्तुगीजांकडून आले, हे म्हणणे त्याहून कठीण. जिथे पोर्तुगीजांचे पाऊल पडले नाही अशा राजस्थानच्या कोरड्या मुलखातही तो शब्द घरोघरचा आहे. शिवाय मराठीत पाथरवटाच्या छिन्नीला ‘टाकी’ म्हणतात. टाकीने खोदले ते टाके, हे नाते सहज सुचते, मात्र तेवढ्यावर व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

त्यामुळे दोन स्वतंत्र शब्द पश्चिम किनाऱ्यावर एकमेकांना भेटले आणि एकजीव झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्रजीत हिंदुस्थानी जलाशयासाठी टँक सतराव्या शतकापासून रुळला. ठाणे सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापासून १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. अशा बंदरात टाके म्हणणारा आणि ‘तांक’ म्हणणारा एकाच पायरीवर उभे असत. त्यांचे बोलणे ऐकणाऱ्या इंग्रजाला तो एकच शब्द वाटला असेल, तर नवल नाही.

पुढे शब्दाने वाट बदलली. इंग्लंडात टँक म्हणजे बंदिस्त टाकी असा अर्थ रूढ झाला. १९१६ साली रणांगणावर आलेल्या चिलखती गाडीलाही गुप्ततेसाठी पाण्याच्या टाकीचे हे नाव मिळाले. मराठीत लेणी आणि गडांवरचे खोदीव साठे अजून टाकेच आहेत, पण पुरातत्त्वज्ञ इंग्रजीत लिहिताना त्यांना टँक न म्हणता ‘सिस्टर्न’ म्हणतात. कान्हेरीच्या शिलालेखांत या टाक्यांसाठी ‘पोढी’ हा प्राकृत शब्द येतो आणि त्याचेही भाषांतर सिस्टर्नच होते. ज्या मराठी शब्दावरून टँक आला असे म्हणतात, त्याच शब्दाच्या भाषांतरात आज टँक चालत नाही.

  

ठाण्यातील वापर : ठाण्यात पूर्वी साठच्या आसपास तलाव होते आणि त्यांतले बरेच शिलाहारकाळचे, असे परंपरेने सांगतात, आज सुमारे ३५ मोजले जातात. मासुंदा तलावाच्या काठाला सारे शहर ‘तलावपाळी’ म्हणते. पाळ म्हणजे पाणी अडवणारा बांध. संध्याकाळी कोपिनेश्वर मंदिराकडून येऊन कठड्याला टेकून उभे राहिले की पायाखाली ती पाळच असते : एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला रस्ता. पाणी कोणीतरी अडवले, बांधले आणि राखले, हे या मराठी नावातच आहे. लेक या शब्दात ते नाही. तो ऐकणाऱ्याला पाणी आपोआप तिथे आलेले वाटते आणि बांधणारे हात दिसेनासे होतात. अर्थाच्या दृष्टीने म्हणून टँक हाच नेमका शब्द. ‘मासुंदा टँक’ म्हटल्यावर आजच्या वाचकाला गच्चीवरची टाकी आठवते, ही त्याची अडचण. ‘तलावांचे शहर’ याचे इंग्रजी रूप ‘सिटी ऑफ लेक्स’ असेच रूढ झाले आहे आणि ते आता बदलण्याजोगे नाही. नुसते ‘मासुंदा तलाव’ असे इंग्रजी लिपीत लिहिणे सर्वांत बरे. धोबी तलावाच्या बाबतीत मुंबईने तेच केले.

नवी मुंबई : येथील पाँड हा शब्द अभियंत्यांचा आहे. काही भाग भरतीच्या पातळीहून खाली असल्याने सिडकोने किनाऱ्यालगत होल्डिंग पाँड, म्हणजे धारण तलाव, बांधले. भरतीला झडपा मिटतात व खाडीचे पाणी आत येत नाही. तेवढा वेळ पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला बाहेर जाते. पाणी कोंडून ठेवणे हे पाँडचे मूळ काम इथे अक्षरशः चालते, म्हणून ही निवड अचूक आहे. ठाणे खाडीच्या ‘क्रीक’बद्दलही तसेच म्हणता येते. ब्रिटिश इंग्रजीत क्रीक म्हणजे भरतीचे पाणी आत शिरणारा चिंचोळा फाटा. अमेरिकन वाचक मात्र त्याचा अर्थ ओढा असा घेईल, ही सावधगिरी बाळगावी.

कायद्यातील परिणाम : केंद्र सरकारच्या पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांत ‘पाणथळ’ची व्याख्या करताना नदीपात्रे व भातखाचरे वगळली आहेत, शिवाय पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलसाठे व ‘टँक’ आणि मत्स्यशेती, मीठ, मनोरंजन व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचनाही. वर ज्याला नेमका म्हटले तोच शब्द या वगळलेल्यांच्या यादीत नावानिशी आहे. रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक व कृत्रिम दोन्ही पाणथळ जागा बसतात आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसरच्या यादीत आहे. तलावांना मात्र ते छत्र आपोआप मिळत नाही. तेव्हा ठाण्याच्या एखाद्या तलावाबद्दल इंग्रजीत अर्ज वा हरकत लिहिताना टँक हा एकच शब्द टाकून थांबू नये. तलाव कशासाठी बांधला, आज त्याचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते की नाही आणि तिथे कोणते पक्षी व वनस्पती आहेत, हे पुढच्याच वाक्यात लिहावे.