चूल, बांध आणि उष्मांक: पुण्यातल्या सामाजिक मोजणीची पार्श्वभूमी

पिंपळे सौदागर म्हटलं की आज उंच सोसायट्या डोळ्यांसमोर येतात. १९१७ साली या गावावरचा डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ते पुण्याजवळचं साधं शेतीचं गाव होतं. मॅन पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य. जुन्या नोंदी चाळून त्यांनी सरासरी जमीनधारणेचा हिशेब लावला: १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, १९१५च्या सुमारास ७ एकर. सात एकर ऐकायला वाईट वाटत नाही. पण १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. त्यातले ४६३ तुकडे एकराच्या आतले, आणि ११२ तर दहा गुंठ्यांच्याही आतले. सरासरी बरोबर होती, फक्त तिच्यात औत फिरवायला जागा नव्हती.

शिवाय हे गाव खडकीच्या दारूगोळा कारखान्याजवळ. बाहेरची मजुरी घरात येत असल्यामुळे इथल्या आकड्यांवरून दख्खनच्या शेतीबद्दल किती बोलायचं, हा प्रश्न उरतोच. मॅन यांनी मग ना. वि. कानिटकरांबरोबर शिरूर तालुक्यातलं, शहरापासून लांबचं जातेगाव बुद्रुक घेतलं. तो अभ्यास १९२१ मध्ये आला.

संख्यात्मक पद्धतीच्या मर्यादांवर बोलताना सहसा नमुना लहान होता की मोठा, कोणती चाचणी लावली, यावरच खल होतो. पुण्यातला शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर गफलत बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेली दिसते. काय मोजायचं, कशाला एक धरायचं आणि प्रश्न कुठल्या शब्दांत विचारायचा, तिथेच ती घडते. गणित नंतर येतं आणि बहुधा निर्दोष असतं.

बांधाचं उदाहरण घ्या. पीक कापणी प्रयोगात शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढंच पीक कापतात, मळतात, तोलतात आणि त्यावरून एकरी उत्पन्न काढतात. १९४०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा जितका लहान, तितकं उत्पन्न फुगतं. कारण अगदी शेतातलं आहे. आखणीच्या दोरीवर आलेलं पिकाचं ताट आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ‘आत’कडे जातो. १० बाय ५ मीटरच्या तुकड्यात ५० चौरस मीटरला ३० मीटर कड येते, म्हणजे चौरस मीटरमागे ०.६ मीटर. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात तीच कड चौरस मीटरमागे २ मीटर होते. चूक करायला तिपटीहून जास्त जागा! आणि ही चूक एकाच दिशेची असल्यामुळे असे हजार तुकडे कापले तरी ती कमी होत नाही. नमुना वाढवला की अंदाजाचा फक्त विस्कळीतपणा घटतो, कल तसाच राहतो.

शेताला बांध तरी असतो. कुटुंबाचा बांध कुठे? जनगणना आणि बहुतेक पाहण्या ‘एक चूल’ हे माप धरतात. डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे नात्यांचा अभ्यास करत होत्या. एकत्र कुटुंबाच्या त्यांच्या व्याख्येत एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं खाणं, सामाईक मालमत्ता आणि सामाईक कुळाचार हे सगळं येतं. प्रत्यक्षात यातलं एक असतं, दुसरं नसतं. सातबारावर तिघा भावांची नावं, चुली तीन, बैलजोडी एक, आणि म्हातारी आई महिन्यागणिक एकेका चुलीवर. प्रश्नावलीत हे तीन लहान कुटुंबं म्हणून उतरतं आणि पुढे कोणी तरी ‘एकत्र कुटुंबपद्धतीचा ऱ्हास’ असा तक्ता छापतो. जातीचंही तेच. एका जातनावाखाली परस्परांत सोयरीक न करणारे अनेक गट असतात. अभ्यासाचं एकक असा प्रत्येक गट, वरचं मोठं नाव नव्हे, हा बाईंचा आग्रह होता. तक्त्यात मात्र ते सगळे एका ओळीत बसतात.

या इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रसंग गरिबीच्या मोजणीचा. १९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने, ज्यात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही होते, १९६०-६१च्या किमतींनुसार माणशी महिना २० रुपये हा किमान खर्च ठरवला. त्यात आरोग्य आणि शिक्षण धरलेलं नव्हतं. ते सरकार पुरवील असं गृहीत होतं. पुढे गृहीतक विसरलं गेलं, आकडा राहिला. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी रोज माणशी २२५० उष्मांक ही कसोटी लावली. त्यासाठी ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असं त्यांचं गणित. त्याखाली ग्रामीण लोकसंख्येतले सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येतले सुमारे ५० टक्के लोक निघाले.

पीक कापणीवाले तेच सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागातून निवृत्त होऊन पुण्यात आले आणि त्यांनी या कसोटीच्या मुळालाच हात घातला. २२५० ही सरासरी गरज आहे. निरोगी माणसांतही निम्म्यांची गरज तिच्याहून कमी असणार. शिवाय एकाच माणसाचं खाणं दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलतं आणि शरीर काही मर्यादेत ते सांभाळून घेतं. म्हणून रेषा सरासरीवर नको, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं (माणसामाणसांतल्या फरकाचं माप) वजा करून ओढा. समजण्यापुरतं गणित असं: विचलन १५ टक्के धरलं, तर २२५० ऐवजी १५७५. अर्थातच उपाशी माणसांचा आकडा झपकन खाली येतो. यावर दांडेकरांच्या बाजूचा आक्षेपही तितकाच धारदार होता. चढउतार एका माणसाचे असतात. लाखो लोकांच्या गटाची सरासरी काढली की ते एकमेकांना खाऊन टाकतात. गरीब गटाची सरासरीच कमी येत असेल, तर तो योगायोगाचा चढउतार कसा?

दोघेही संख्याशास्त्र कोळून प्यालेले, आणि वाद संख्याशास्त्रानं सुटणारा नव्हताच. कमी खाऊन शरीर ‘जुळवून’ घेतं तेव्हा काम किती कमी होतं, मूल किती खुरटतं, आणि त्याला उपासमार म्हणायचं की नाही, हे आकडेवारीच्या बाहेरचं होतं.

आणखी एक गंमत कच्च्या माहितीत दडलेली होती. गरिबी ज्यावरून मोजतात त्या घरखर्चाच्या पाहणीत अन्नाची नोंद घराच्या खात्यावर होते, खाणाऱ्याच्या नव्हे. मोलकरणीला दिलेली पोळीभाजी मालकिणीच्या घरात धरली जाते. परिणाम: श्रीमंत घर प्रत्यक्षाहून जास्त खाताना दिसतं, गरीब घर कमी.

नंतरची चूक तर निव्वळ दिवसांची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५व्या फेरीत (१९९९-२०००) अन्नावरचा खर्च त्याच घराला, एकाच तक्त्यात, गेल्या ७ दिवसांचा आणि गेल्या ३० दिवसांचाही विचारला. ७ दिवसांच्या उत्तरावरून काढलेला खर्च नेहमी जास्त भरतो, हे आधीच्या फेऱ्यांत वेगवेगळ्या घरांवर तपासून माहीत होतं. दोन्ही रकाने शेजारी आल्यावर लोक एकाचा दुसऱ्याशी मेळ घालू लागले आणि ३० दिवसांचा आकडा चढला. खर्च जास्त दिसला की गरीब कमी दिसतात: १९९३-९४ मधली ३६ टक्के गरिबी २६ वर आलेली दिसली. त्यातली खरी घट किती आणि रकान्यांची किती, यावर पुढे कित्येक वर्षं लेख पडले. २००९ मध्ये दारिद्र्यरेषा नव्याने ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीने उष्मांकांचा खुंटाच सोडला.

प्रश्नाच्या शब्दांबद्दल थोडंच. ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारलं की डोक्यावर वैरणीचा भारा असलेली बाईही ‘नाही, घरीच असते’ म्हणते. १९९१च्या जनगणनेत प्रश्नातच शेतातलं वा घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम धरावं, अशी पुस्ती जोडावी लागली. समाधानाच्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ‘बरं चाललंय’ हे उत्तर तिसऱ्या पायरीवर टाकायचं की चौथ्या, हे पाहणी करणारा जागच्या जागी ठरवतो. शंभर घरं झाल्यावर दोन तपासनीसांची ‘बरं’ची सरासरी वेगळी निघाली, तर आधी ती दोघं कोण ते बघावं आणि मग त्यांच्या वस्त्या.