नागपूरच्या ख्रिस्ती घरातील संध्याकाळची प्रार्थना : पार्श्वभूमी

नागपूरच्या सदर, सीताबर्डी किंवा कामठी भागातील जुन्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती घरांत रात्रीच्या जेवणाआधी जी कौटुंबिक उपासना होते, तिचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी एक गीत, मग शास्त्रपाठ, त्यानंतर घरातील कोणीतरी स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो आपल्या पूर्वजांपासून असाच चालत आला असावा, असे घरातल्यांनाही वाटते. वस्तुतः त्याच्या मुळाशी स्कॉटलंडमधील सतराव्या शतकातला एक चर्चनियम आहे. तो नियम नागपूरच्या मातीत रुजला, तो मात्र मराठी गाण्यामुळे आणि घरातल्या बायकांमुळे.

घर हीच श्रद्धेची पहिली शाळा ही कल्पना अर्थातच त्याहून फार जुनी आहे. देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना आणि वाटेने चालत असताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलत जा, अशी आज्ञा जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. मार्टिन ल्यूथरने 1529 साली आपली लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, ती कुटुंबप्रमुखाने घरच्या माणसांना सोप्या रीतीने शिकवावी म्हणूनच. स्कॉटलंडच्या चर्चने या कर्तव्याला शिस्तीचे रूप दिले. 1647 साली तिथल्या महासभेने कौटुंबिक उपासनेसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका मंजूर केली. प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरात प्रार्थना, शास्त्रवाचन आणि धर्मशिक्षण नियमाने चालवावे, पाळकांनी आणि वडीलजनांनी त्याची चौकशी करावी, आणि हयगय करणारा समज देऊनही सुधारला नाही तर त्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीपासून, दूर ठेवावे, असा तो दंडक होता. त्याच काळात लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने 107 प्रश्नांची लघु प्रश्नोत्तरावली तयार केली आणि पुढे कित्येक पिढ्यांतील स्कॉटिश मुलांनी ती पाठ केली. (हा दंडक आज नागपुरात लावायचा ठरवला तर प्रभुभोजनाच्या मेजाभोवती किती जण उरतील, हे न विचारलेलेच बरे.)

याच वळणात वाढलेला स्टीफन हिस्लॉप हा तरुण मिशनरी 1845 साली नागपूरला आला. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये 1843 साली फूट पडून जे फ्री चर्च स्थापन झाले, त्याने त्याला पाठवले होते. नागपुरात त्या वेळी भोसल्यांचे राज्य होते आणि कामठीला इंग्रजांची छावणी होती. छावणीतील फौज मद्रासची असल्याने तिथे तमिळ बोलणारी माणसे बरीच होती, आणि या भागातील ख्रिस्ती उपासना सुरुवातीपासूनच एकभाषिक नव्हती, हे पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हिस्लॉपने 1846 मध्ये शाळा काढली. तिचाच विस्तार होऊन 1883 साली महाविद्यालय उभे राहिले आणि ते आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. मध्य भारतातील खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यासक म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ त्याचे नाव आजही घेतात. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटजवळ पाण्यात बुडून त्याचा अंत झाला.

मिशनच्या कामाचा मुख्य आधार शाळा हा होता, आणि नेमकी तिथेच एक अडचण होती. शाळेत येणारा मुलगा एकटा येत असे. त्याने वर्गात शास्त्र वाचले, त्याला ते पटले, तरी संध्याकाळी तो ज्या घरी परत जाई तिथे देवघर होते, कुळाचार होता, सोवळे-ओवळे होते. बाप्तिस्मा घ्यायचा तर ते घर सोडावे लागे. स्कॉटलंडच्या मार्गदर्शिकेने गृहीत धरलेला कुटुंबप्रमुख, त्याची पत्नी, मुले आणि चाकरमाणसे यांचा मेळ इथे नव्हताच. कौटुंबिक उपासनेचा नियम हाती होता, पण तो लावायला कुटुंबच नव्हते. आरंभीच्या काळाविषयी लिहिताना शाळा, इस्पितळे आणि बाप्तिस्म्यांचे आकडे यांवर भर दिला जातो. ही पोकळी मात्र बहुधा नजरेआड होते, आणि माझ्या मते पुढचे बरेचसे तिच्यामुळेच घडले.

या पोकळीचे पडसाद कायद्यातही उमटले. धर्मांतर केल्याने वारसाहक्क जाऊ नये, यासाठी कंपनी सरकारने 1850 साली कायदा केला. नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाल्यावरच या प्रदेशाचा अशा कायद्यांशी थेट संबंध आला. पती किंवा पत्नी यांपैकी एकाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दुसऱ्याने त्या कारणावरून संसार नाकारला, तर विवाहाचे काय करायचे, यासाठी 1866 चा कायदा आला. ख्रिस्ती विवाहांचा सर्वसाधारण कायदा 1872 चा. अवघ्या बावीस वर्षांत तीन कायदे करावे लागले, यावरून प्रश्न तत्त्वज्ञानाचा कमी आणि चुलीचा अधिक होता, हे कळते.

या दुभंगलेल्या संसाराचे मराठीतले सर्वांत प्रांजळ चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडते, आणि त्या कथेतील एक महत्त्वाचे वळण नागपूरचेच आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. पुढे नोकरीसाठी राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली, त्याने त्यांना नवा करार दिला, आणि 1895 साली मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही आरंभी त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 सालचा आहे. श्रद्धा घरात येते ती व्याख्यानातून येत नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, कोणाच्या पंक्तीला बसायचे अशा बारीकसारीक निर्णयांतून ती येते, आणि त्याला वर्षे लागतात. असे हजारो संसार या प्रदेशात झाले असतील. लिहून ठेवणारी लक्ष्मीबाई एकच निघाली.

टिळकांचे दुसरे देणे गाण्याचे आहे आणि घरगुती उपासनेच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे ठरले. मराठीतून ख्रिस्ताची कथा गाण्याची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापले गेले. परंतु नागपूरच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांपर्यंत तो वारसा थेट पोहोचला नव्हता. त्यांच्या हाती प्रथम आली ती गद्य पुस्तके. विल्यम कॅरी या मिशनरीने बंगालमधील श्रीरामपूरहून 1811 साली मराठी नवा करार प्रसिद्ध केला, तो वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने. याच छापखान्यातून 1816 मध्ये नागपूरकर भोसल्यांची वंशावळही निघाली. गीतांची स्थिती मात्र निराळी होती. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते देवळात पियानो किंवा ऑर्गनच्या साथीने कशीबशी निभावून जात, पण जात्यावर, पाळण्याशी किंवा रात्री कंदिलाच्या उजेडात ती कोणाच्या ओठी येत नसत. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन हे घरातल्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असलेले प्रकार ख्रिस्तभक्तीसाठी वापरले, आणि आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकात आज त्यांची जी गीते आहेत, ती गायला टाळ आणि पेटी पुरते, तीही नसली तरी अडत नाही. कुटुंबप्रमुखाला प्रश्नोत्तरावली वाचता येत नसेल, पण आजीला पंधरा भजने पाठ असतील, तर त्या घरातली उपासना बंद पडत नाही.

आजीचा उल्लेख सहज आलेला नाही. नव्या करारात पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात दाखवले आहे, आणि नागपूरच्या घरांतही तेच घडले. स्कॉटिश नियमात हे काम पुरुषाचे होते. इथे ते हळूहळू स्त्रियांकडे आले. मिशनच्या स्त्री-कार्यकर्त्या घरोघरी जात, आणि त्यांच्याबरोबर ज्यांना लोक बायबल बाई म्हणत अशा एतद्देशीय स्त्रिया असत. त्या वाचायला शिकवीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत, बाळंतिणीची विचारपूस करीत आणि निघताना एखादे वचन आणि प्रार्थना सांगून जात. सीताबर्डीच्या म्युअर मेमोरियल या स्त्रियांच्या इस्पितळातही औषधोपचार आणि धर्मोपदेश यांच्यात भिंत नव्हती. या बायबल बायांची नावे इतिहासात फारशी उरली नाहीत. मिशनरींची मात्र तारखांसह उरली आहेत. घरातली प्रार्थना ज्यांनी टिकवली त्यांच्याबाबत ही मोठी अन्यायाची गोष्ट आहे.

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेचा मार्ग थोडा वेगळा होता. सिव्हिल लाइन्समधील ऑल सेंट्स हे देऊळ 1851 चे, आणि 1903 मध्ये नागपूर धर्मप्रांत झाल्यावर ते कॅथीड्रल ठरले. तिथे छापील प्रार्थनापुस्तक, बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप व धर्मपालक यांनी घ्यायच्या शपथा आणि मुलांचे दृढीकरण (मुलाने मोठेपणी त्या शपथा स्वतः मान्य करण्याचा विधी) यांना अधिक महत्त्व होते. कॅथलिक घरांत जपमाळ आणि घराचा आशीर्वाद या प्रथा होत्या. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत 1887 सालचा आहे. कुटुंब म्हणजे घरातली ख्रिस्तमंडळीच, हा विचार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 च्या दस्तऐवजात स्पष्टपणे मांडला, तरी संध्याकाळची जपमाळ म्हणणाऱ्या घरांना तो नवा वाटला नसेल.

विसाव्या शतकात घरातील शिक्षणाला खरा धक्का बसला तो विरोधकांकडून बसला नाही, सोयीकडून बसला. रविवारची शाळा ही रॉबर्ट रेक्सने 1780 च्या सुमारास इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहरात गरीब मुलांसाठी चालवलेली संस्था. भारतात तिचा संघ 1876 साली अलाहाबादला स्थापन झाला. मुळात ती ज्या मुलांना घरी कोणी शिकवीत नव्हते त्यांच्यासाठी होती. नंतर तीच सर्वांसाठी झाली, आणि मुलाकडून सुवर्ण वचन (त्या रविवारचे ठरलेले बायबलवचन) पाठ करून घेण्याचे काम रविवारच्या शाळेतील बाईंचे, ही समजूत घराघरांत पक्की झाली. ही घसरण मंडळ्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. 1914 साली स्थापन झालेल्या आणि 1923 पासून नव्या रूपात काम करणाऱ्या नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलचे (आजचे नाव नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया) कार्यालय नागपुरातच आहे. तिच्या आश्रयाने ख्रिस्ती कुटुंबाची चळवळ चालली आणि मंडळ्यांमध्ये कुटुंबाचा सणही पाळला जाऊ लागला. वर्षातून एकदा सण पाळावा लागतो, यातच रोजचा पाठ मागे पडल्याची कबुली आहे, असे म्हणणे जरा कठोर होईल, पण फारसे चुकीचे होणार नाही.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ऐक्याचा करार कागदावर झाला, पण तो खऱ्या अर्थाने पार पडला लग्नांतून. एका बाजूला प्रार्थनापुस्तक वाचणारे घर, दुसऱ्या बाजूला उत्स्फूर्त प्रार्थना करणारे. सून एका परंपरेतली, सासू दुसऱ्या. या लेखाच्या आरंभी सांगितलेला क्रम, ज्यात मोकळी प्रार्थना आहे आणि शेवटी ठरलेले शब्दही आहेत, अशाच तडजोडीचा असावा असे मला वाटते.

या सगळ्यात पाळकाच्या घराची गोष्ट वेगळी. पाळकसाहेबांची बदली झाली की सगळे घर बदलते. मुलांच्या शाळा बदलतात, आणि त्यांच्या पत्नीकडे महिला मंडळ, रविवारची शाळा आणि दारी येणाऱ्या प्रत्येकाचा चहा ही कामे न मागता येतात, बहुधा बिनपगारी. मंडळीतील दहा घरांत प्रार्थना घेऊन रात्री दहाला परतलेल्या माणसाच्या स्वतःच्या घरातली प्रार्थना राहून जाते, ही तक्रार पाळकांच्या मुलांकडून अनेकदा ऐकू येते. सेवा आणि घर यांची ही ओढाताण जुनीच आहे. 1647 च्या मार्गदर्शिकेने पाळकाला इतरांच्या घरांवर लक्ष ठेवायला सांगितले, पण त्यासाठी त्याचे स्वतःचे घर रिकामे राहील, हे तिच्या लक्षात आले नसावे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने देवळांची दारे बंद झाली तेव्हा उपासना पुन्हा सक्तीने घरात आली, या वेळी मोबाइलच्या पडद्यावरून. काही घरांत ती सवय टिकली आहे, बऱ्याच घरांत नाही. आता प्रश्न भाषेचा आहे. कामठीच्या छावणीत तमिळ आणि मराठी शेजारी होत्या. आज एकाच घरात आजी मराठी गीत म्हणते, मुलगा हिंदी भजन लावतो आणि इंग्रजी माध्यमातली नात ‘उपासना संगीत’ हातात घेऊन अक्षरे जुळवत बसते. म्हणून काही घरांत गीताचे शब्द रोमन लिपीत लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवलेले असतात, आणि आजी नातीला त्याची चाल शिकवते.