गाडीचा विमा आणि उधारीची वही

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात १८९९ साली केटर आणि गाय वुलफर्ड या भावांनी 'रिटेल क्रेडिट कंपनी' काढली. धंदा साधा होता. गावातलं कोणतं गिऱ्हाईक उधारी कशी फेडतं याची यादी करायची आणि ती दुकानदारांना विकायची. नावापुढे शेरा असायचा: वेळेवर देतो, उशिरा देतो, किंवा सरळ 'रोख मागा'. पुढे या कंपनीला दुकानदारांपेक्षा मोठं गिऱ्हाईक मिळालं, ते म्हणजे विमा कंपन्या. त्यांच्यासाठी तिची माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन विचारपूस करू लागली. अर्जदार दारू किती पितो, घरात भांडणं होतात का, चालचलन कसं आहे. या कानगोष्टी फायलीत जात, फाईल विमा कंपनीकडे जाई आणि ज्याच्याबद्दल ती होती त्याला पत्ताही नसे. त्यावरून इतका गदारोळ झाला की १९७० मध्ये अमेरिकी संसदेला क्रेडिट अहवालांवर कायदा करावा लागला. १९७५ मध्ये कंपनीनं नाव बदललं. आज ती इक्विफॅक्स म्हणून ओळखली जाते आणि एक्स्पेरियन, ट्रान्सयुनियन यांच्यासह अमेरिकेतल्या तीन मोठ्या क्रेडिट ब्यूरोंपैकी एक आहे.

शेजाऱ्यांकडची चौकशी गेली, पण विमा कंपनीची उत्सुकता गेली नाही. तिला नवं साधन मिळालं ते आकड्यांच्या रूपात. बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणितज्ञ, या दोघांनी १९५६ मध्ये काढलेल्या कंपनीनं १९८९ मध्ये ३०० ते ८५० या पट्टीवरचा तो सुप्रसिद्ध क्रेडिट स्कोअर आणला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कच्च्या मालातून खास विमा कंपन्यांसाठी वेगळा स्कोअर तयार झाला. आज अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गाडीचा किंवा घराचा विमा काढायला गेलात की प्रीमियमचा आकडा दाखवण्याआधी कंपनी हा स्कोअर मागवते.

दोन्ही स्कोअर एकाच फायलीतून येतात, पण त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा असतो. कर्जाचा स्कोअर सांगतो की दिलेले पैसे परत येण्याची शक्यता किती. विम्याच्या स्कोअरला विचारलेलं असतं की या माणसाकडून येणाऱ्या प्रीमियमच्या मानानं त्याच्या दाव्यांवर किती पैसे जातील. त्यामुळे वजनंही थोडी बदलतात. फेअर आयझॅकच्या विमा स्कोअरमध्ये हप्ते वेळेवर भरल्याचा इतिहास सुमारे ४० टक्के, डोक्यावरचं कर्ज ३० टक्के, खाती किती जुनी आहेत ते १५ टक्के, नव्या कर्जासाठी किती ठिकाणी दारं ठोठावली ते १० टक्के आणि कर्जांचे प्रकार ५ टक्के, असा साधारण हिशेब सांगितला जातो. लेक्सिसनेक्सिस या कंपनीचा स्कोअर तर २०० ते ९९७ या निराळ्याच पट्टीवर चालतो. पगार यात कुठेच नाही. भरपूर कमावणारा पण बिलं विसरणारा माणूस इथे खाली जातो आणि बेताच्या पगारात टुकीनं संसार करणारा वर.

ही तपासणी 'सॉफ्ट' प्रकारची असते. म्हणजे दहा कंपन्यांकडून आकडे मागवले तरी स्कोअर घसरत नाही. तुमची फाईल उघडल्याची नोंद तुम्हाला दिसते, कर्ज देणाऱ्या बँकेला नाही. ब्रिटनमध्येही विमा कंपन्या आकडा सांगताना अशीच हलकी तपासणी करतात. माणूस खरा आहे का, त्या पत्त्यावर राहतो का, हेही त्यातून पडताळलं जातं. तिथे एक गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. वर्षाचा प्रीमियम एकदम न भरता महिन्याच्या हप्त्यानं भरायचं ठरवलं की ते बहुधा कर्जच ठरतं. मग तपासणी 'हार्ड' होऊ शकते आणि तिचा माग फायलीत उरतो.

स्कोअरचा प्रीमियमवर परिणाम एवढा मोठा का होतो, हे कळायला विमागणिताची एक सवय माहीत हवी. तिथे बेरीज कमी, गुणाकार जास्त. समजा मूळ दर १०० आहे. वयाचा गुणक ०.९, राहत्या भागाचा १.२, झाले १०८. आता चांगल्या स्कोअरचा गुणक ०.८ असेल तर आकडा ८६ वर येतो आणि वाईट स्कोअरचा १.६ असेल तर १७३ वर जातो. माणूस, गाडी आणि रस्ता तेच, प्रीमियम दुप्पट. (हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, खरे गुणक प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि ती ते मिरवत नाही.)

प्रत्यक्षात काय होतं, हे अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेनं २०१५ मध्ये दाखवलं. फ्लोरिडात गाडी चालवण्याचा इतिहास निष्कलंक पण क्रेडिट वाईट, अशा चालकाला वर्षाला सरासरी ३,८२६ डॉलर सांगितले जात होते. क्रेडिट उत्तम, पण दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलेला, अशा चालकाला २,२७४. हे वाचून डोकं फिरणं साहजिक आहे. क्रेडिट कार्डाचं बिल उशिरा भरलं म्हणून ब्रेक उशिरा लागतो का?

पण विमा कंपन्या हे हवेत बोलत नाहीत. टेक्सास विद्यापीठानं २००३ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास वाहन पॉलिसी तपासल्या. सर्वांत कमी स्कोअरच्या दहा टक्क्यांमागे दाव्यांचा सरासरी खर्च ९०० डॉलरच्या घरात होता, सर्वांत वरच्या दहा टक्क्यांमागे साडेपाचशेच्या. वय, गाडी, आधीचे अपघात हे सगळं हिशेबात धरल्यावरही स्कोअरनं काही नवं सांगितलंच. २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं पाच कंपन्यांची माहिती घेऊन तोच निष्कर्ष काढला. स्कोअर वापरला तर ५९ टक्के ग्राहकांचा प्रीमियम कमी होईल आणि ४१ टक्क्यांचा वाढेल, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे संबंध आहे, आणि तो पक्का आहे.

तो का आहे, हे मात्र त्याच अहवालाला ठामपणे सांगता आलं नाही. स्पष्टीकरणं सुचवली गेली, पुरावा पुरेसा नव्हता. या विषयातला खरा पेच मला इथेच वाटतो.

एक स्पष्टीकरण स्वभावाचं. पॅट्रिक ब्रॉकेट आणि लिंडा गोल्डन यांनी २००७ मध्ये मांडलं की पैशाच्या बाबतीत बेफिकीर, थराराची ओढ असलेला माणूस रस्त्यावरही तसाच असतो. मुळाशी मनोरचना एकच. कंपन्यांना हे स्पष्टीकरण फार आवडतं, कारण त्यात वाढीव प्रीमियम म्हणजे बेपर्वाईची किंमत ठरते.

दुसरं स्पष्टीकरण खिशाचं. पार्किंगमध्ये खांबाला घासून दोन गाड्यांच्या दारांना सारखाच पोचा आला, असं समजा. दुरुस्ती नऊशे डॉलर, पॉलिसीत पहिले पाचशे स्वतः भरायची अट. पहिल्या गाडीचा मालक मनात हिशेब करतो: चारशेसाठी दावा केला तर पुढच्या वर्षी प्रीमियम चढेल, त्यापेक्षा खिशातून देऊन टाकू. दुसऱ्याच्या खात्यात नऊशे नाहीत. पाचशेचीच जुळवाजुळव करताना त्याची दमछाक होते. चारशेसाठी तो फॉर्म भरतो. कंपनीला पोचा कधीच दिसत नाही, फक्त दावा दिसतो. तिच्या नोंदीत पहिला 'सुरक्षित चालक' आणि दुसरा 'जोखमीचा'. शिवाय झिजलेले टायर अजून दोन महिने रेटणारा, ब्रेकचं काम पगारापर्यंत ढकलणारा माणूसही बहुधा हा दुसराच.

मग खिशाचं स्पष्टीकरण पुरेसं आहे का? तेही नाही. तुम्ही दुसऱ्याची गाडी ठोकलीत तर दावा तो करतो, तुमचा खिसा तिथे काही ठरवत नाही. तरीही अशा दाव्यांतही स्कोअरचा संबंध कमिशनला दिसला. बरं, स्वभावावर सगळं टाकावं, तर चोरी, गारपीट यांसारख्या नुकसानीच्या दाव्यांतही तो दिसला. बेफिकीर माणूस फार तर गाडीचं कुलूप लावायला विसरेल. गारा काही त्याचं बिल बघून पडत नाहीत. तेव्हा दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असाव्यात आणि त्यांचं प्रमाण त्या एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही. 'आकडे खोटं बोलत नाहीत' हे खरंच, पण या आकड्याला 'गाडी कशी चालवतो' असं कुणी विचारलेलंच नाही. 'आपल्याला केवढ्याला पडेल' एवढंच विचारलं होतं आणि त्यानं इमानदारीनं तेवढंच सांगितलं.

त्याच अहवालात आणखी एक अवघड गोष्ट आहे. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक कमी स्कोअरच्या टोकाला जास्त संख्येनं आढळतात. स्कोअर हा केवळ वंशाचा बुरखा आहे, असं कमिशनला दिसलं नाही. तसा परिणाम होता, पण लहान. मात्र गटांमधली ही दरी कमी करेल आणि भाकीतही तितकंच नेमकं करेल, असा पर्यायी स्कोअर बनवायचा प्रयत्न त्यांनी केला, तो त्यांना जमला नाही.

संबंध खरा असला म्हणजे तो वापरायलाच हवा असं नाही, हे कायद्यानं अन्यत्र मानलं आहे. तरुण मुलींचे अपघात मुलांपेक्षा कमी, हेही आकड्यांनी सिद्ध होतं. तरी युरोपीय न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर २१ डिसेंबर २०१२ पासून युरोपीय संघात स्त्री-पुरुष भेदावर विम्याचा दर ठरवणं बंद झालं. क्रेडिटबाबत अमेरिकेत राज्यागणिक वेगळं चित्र आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्येच गाडीचा दर मुख्यतः चालकाची नोंद, वर्षाचं अंतर आणि अनुभवाची वर्षं यांवर ठरवायला लावलं. तिथे क्रेडिटला जागा नाही. मॅसॅच्युसेट्स आणि हवाईतही वाहन विम्यासाठी तो चालत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताचंही तेच. वॉशिंग्टन राज्याच्या विमा आयुक्तांनी २०२१ मध्ये, महामारीतल्या सवलतींमुळे स्कोअर विश्वासार्ह राहिले नाहीत म्हणून तात्पुरती बंदी घातली, ती पुढच्याच वर्षी न्यायालयात टिकली नाही. बऱ्याच राज्यांनी मधला मार्ग घेतला आहे: स्कोअर वापरा, पण घटस्फोट, मोठं आजारपण, जोडीदाराचा मृत्यू, नोकरी जाणं अशा कारणांनी क्रेडिट बिघडलं असेल तर ग्राहकाच्या लेखी अर्जावर सवलतीचा विचार करा. ही तरतूद माहीत नसल्यानं अनेक जण अर्जच करत नाहीत.

१९७० च्या कायद्यामुळे एक हक्क सर्वांना आहे. क्रेडिटमुळे दर वाईट मिळाला तर कंपनीनं तसं कळवायचं, अहवाल कोणत्या ब्यूरोचा ते सांगायचं; मग तो अहवाल फुकट मागवता येतो आणि त्यातल्या चुकांवर हरकत घेता येते. कारणं दिली जातात ती बहुधा चारपर्यंत आणि कोरड्या भाषेत: 'खात्यांचं सरासरी वय कमी', 'मर्यादेच्या मानानं थकबाकी जास्त'.

पण 'दर वाईट' म्हणजे कशाच्या मानानं? हा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २००७ च्या 'सेफको विरुद्ध बर' खटल्यात न्यायालयानं सांगितलं की तुलना उत्तम स्कोअरच्या दराशी करायची नाही. स्कोअर पाहिलाच नसता तर जो दर लागला असता, त्याच्याशी करायची. म्हणजे तुमचा स्कोअर मधला असेल आणि वरच्या स्कोअरवाल्यांना तुमच्यापेक्षा बराच स्वस्त दर मिळत असेल, तरी तुमचं काही बिघडवलं असं धरलं जात नाही. तुम्हाला पत्र येत नाही.