सूझी लॅम्प्लू ट्रस्ट

व्यक्तिगत सुरक्षितता आणि हिंसेला प्रतिबंध यांसाठी काम करणारी ब्रिटनमधील धर्मादाय संस्था. स्थापना १९८६, लंडन.

सूझी लॅम्प्लू ही २५ वर्षांची तरुणी लंडनच्या फुलम भागात घरांच्या खरेदी-विक्रीच्या एका कचेरीत नोकरीला होती. २८ जुलै १९८६, सोमवार. कचेरीच्या डायरीत नोंद आहे : दुपारी १२.४५, मिस्टर किपर, ३७ शोरोल्ड्स रोड, घराबाहेर. घर दाखवायला गेलेली सूझी परतलीच नाही. त्याच रात्री तिची पांढरी फोर्ड फिएस्टा स्टीव्हनेज रोडवर उभी असलेली सापडली. पैशाचे पाकीट आत तसेच होते. पुढे तिला कायद्याने मृत घोषित करण्यात आले. तिचे अवशेष आजवर मिळालेले नाहीत आणि तिच्या खुनाबद्दल कोणावरही खटला उभा राहिला नाही.

तिचे आईवडील डायना आणि पॉल यांनी त्याच वर्षी हा ट्रस्ट काढला. मुलीचा ठावठिकाणा लागत नसताना, इतर घरांतल्या मुली-मुलांसाठी काम उभे करणे ही विलक्षण गोष्ट होती. डायनांचे निधन २०११ मध्ये, तर पॉल यांचे २०१८ मध्ये झाले.

कुठे, कोणाला, किती वाजता भेटायचे हे सूझीने लिहून ठेवले होते, हे विसरता येत नाही. ट्रस्टचा भर त्यापुढच्या साखळीवर आहे. अनोळखी ग्राहकाची आधी ओळख पटवून घ्यावी. परतायची वेळ एका सहकाऱ्याला ठाऊक असावी. ती टळली तर त्याने काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे. घरोघरी जाणाऱ्या परिचारिका, समाजसेवक, घरांचे दलाल अशा एकट्याने काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या मालकांना संस्था हे शिकवते. कर्मचारी सुखरूप राहण्याची जबाबदारी मालकावरही येते, हा तिचा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. लंडनमधील खासगी भाड्याच्या मोटारींना परवाना सक्तीचा व्हावा म्हणूनही तिने पाठपुरावा केला. तसा कायदा १९९८ मध्ये झाला.

दुसरे मोठे क्षेत्र स्टॉकिंगचे, म्हणजे एखाद्याचा पिच्छा पुरवून त्याचे जगणे नकोसे करण्याचे. छळविरोधी कायदा १९९७ मध्ये आला. २०१० पासून ट्रस्ट राष्ट्रीय स्टॉकिंग हेल्पलाइन चालवतो. इंग्लंड व वेल्समध्ये २०१२ मध्ये स्टॉकिंग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. तरी फुटकळ वाटणाऱ्या घटना पोलीस सुट्या सुट्या पाहतात आणि त्यांचा धागा सुटतो, हे दुखणे राहिलेच. म्हणून २०२२ मध्ये ट्रस्टने पोलिसांच्या कार्यपद्धतीविरुद्ध ‘सुपर-कंप्लेंट’ हा अधिकृत तक्रारमार्ग वापरला. तिचा चौकशी अहवाल २०२४ मध्ये आला.

भारतात हा गुन्हा २०१३ मध्ये दंडसंहितेच्या कलम ३५४ड मध्ये आला; आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. त्यात पीडित स्त्रीच आणि आरोपी पुरुषच धरलेला आहे. ब्रिटिश कायद्यात अशी अट नाही, आणि ट्रस्टची हेल्पलाइन पुरुषांनाही तितकीच खुली आहे.